उभ्या गाडीचा विमा: गाडी बंद असताना काय चालू राहते आणि कोणते नुकसान भरून मिळते

घरातले आजारपण, गावाकडची पेरणी, परमिटचे अडलेले काम, हातात पैसा नसल्यामुळे लांबलेली दुरुस्ती. रिक्षा, टेम्पो किंवा दुचाकी दोन-चार महिने उभी ठेवावी लागण्याची कारणे पुष्कळ असतात. अशा वेळी विम्याची मुदत संपत आली की घरात हमखास प्रश्न निघतो: गाडी चालतच नाही, मग हप्ता कशाला भरायचा?

थोडक्यात उत्तर असे. गाडी उभी असली तरी तिच्यामुळे दुसऱ्याला इजा होऊ शकते, आणि ती जबाबदारी तुमच्यावर येते. उभी गाडी जळू शकते, बुडू शकते, चोरीला जाऊ शकते. त्याची भरपाई मात्र तुम्ही त्यासाठी वेगळा पैसा भरला असेल तरच मिळते. बहुतेक लोकांकडे पहिल्या गोष्टीची पॉलिसी असते आणि समजूत अशी असते की दुसरीही तिच्यातच आहे. सगळा घोळ इथे होतो.

तुमच्या पॉलिसीत काय आहे ते आधी पाहा

पॉलिसीच्या पहिल्या पानावर हप्त्याचा हिशेब दोन भागांत दिलेला असतो. एका बाजूला 'ओन डॅमेज', म्हणजे तुमच्या स्वतःच्या गाडीचे नुकसान. दुसऱ्या बाजूला 'थर्ड पार्टी' किंवा 'लायबिलिटी', म्हणजे तुमच्या गाडीमुळे दुसऱ्याचे झालेले नुकसान. ओन डॅमेजच्या रकान्यात शून्य असेल किंवा तो रकानाच नसेल, तर तुमची गाडी जळून राख झाली तरी कंपनी तुम्हाला एक रुपयाही देणे लागत नाही. एजंटने 'इन्शुरन्स करून दिला' म्हटले म्हणजे दोन्ही भाग आले असे समजू नका. कागद हातात घ्या आणि रकाना स्वतः पाहा.

दोन्ही भाग असलेल्या पॉलिसीला स्टँडवर 'फुल इन्शुरन्स' किंवा 'फर्स्ट पार्टी' म्हणतात. सरकारी मराठीत आम्ही अनुवादक तिला 'सर्वसमावेशक' लिहितो. शब्द चुकीचा नाही, पण वाचणाऱ्याला फसवणारा आहे, असे माझे स्वतःचे मत झाले आहे. या पॉलिसीत सर्व काही समाविष्ट नसते. काय नसते ते पुढे येईलच. म्हणून या लेखात मी 'दोन्ही भागांची पॉलिसी' असेच म्हणणार आहे.

बेंगळुरूत तीनशे उभ्या गाड्या जळाल्या तेव्हा

२३ फेब्रुवारी २०१९. बेंगळुरूजवळ येलहंका हवाई तळावर 'एअरो इंडिया' प्रदर्शन चालू होते. प्रेक्षकांसाठी बाहेरच्या मोकळ्या मैदानात वाहनतळ केलेला होता. दुपारी तिथे आग लागली. वाळलेले गवत, जोराचा वारा आणि एकमेकींना खेटून उभ्या केलेल्या गाड्या, यामुळे ती पाहता पाहता पसरली आणि सुमारे ३०० गाड्या जळाल्या. कोणाचा जीव गेला नाही. मालक आत विमाने पाहत होते. त्या गाड्या नुसत्या उभ्या होत्या.

विम्याच्या दृष्टीने या तीनशे गाड्यांचे दोन गट पडतात. ज्यांच्याकडे दोन्ही भागांची पॉलिसी होती त्यांच्यासाठी ही सरळ 'आग' होती. आग, स्फोट, आपोआप पेट घेणे आणि वीज पडणे या जोखमी ओन डॅमेज भागात पहिल्याच ओळीत लिहिलेल्या असतात. गाडी चालू होती की उभी, याने फरक पडत नाही. ज्यांच्याकडे फक्त थर्ड पार्टी होती, त्यांना स्वतःच्या पॉलिसीतून मागण्यासारखे काहीच नव्हते.

आणखी एक अडचण तिथे उघड झाली. पुष्कळांचे आरसी, विम्याचे कागद आणि चालक परवाना गाडीतच होते, तेही जळाले. परिवहन खात्याने त्यासाठी येलहंका आरटीओत मदत केंद्र उघडले. एवढी मोठी घटना होती म्हणून केंद्र उघडले गेले. तुमची एकट्याची रिक्षा जळाली तर कोणी केंद्र उघडणार नाही. आरसी, पॉलिसी, फिटनेस आणि परमिट यांची प्रत डिजिलॉकरमध्ये किंवा घरी वेगळी ठेवा. दुसरी किल्लीही घरीच ठेवा. चोरीच्या क्लेममध्ये कंपनी दोन्ही किल्ल्या मागते.

उभ्या गाडीचे कोणते नुकसान ओन डॅमेजमध्ये येते

आगीखेरीज या भागात चोरी व घरफोडी, दंगल व संप, कोणी मुद्दाम केलेली नासधूस, भूकंप, पूर, वादळ, गारपीट, दरड कोसळणे, दहशतवादी कृत्य आणि बाहेरून झालेला अपघात येतो. म्हणजे उभ्या रिक्षेवर झाडाची फांदी पडली, रात्री कोणी काच फोडली, मागून टेम्पोने धडक देऊन पळ काढला, तर ते सगळे यात बसते. सप्टेंबर २०१६ मध्ये कावेरी पाणीवाटपाच्या वादातून बेंगळुरूत दंगल झाली आणि एका खासगी ट्रॅव्हल्सच्या डेपोत उभ्या असलेल्या डझनावारी बस जाळल्या गेल्या. दंगलीची जोखीम कशी असते ते यावरून कळेल. तेव्हा गाडी डेपोच्या आत आहे, कुंपणाच्या आत आहे, एवढ्यावर भरवसा ठेवू नका.

आता काय येत नाही ते. उभी राहून बॅटरी उतरली, टायर कडक झाले, पत्रा गंजला, रबर सुकले, तर ती झीज आहे, तिचे पैसे मिळत नाहीत. यांत्रिक किंवा विजेचा बिघाड आपोआप झाला तर तोही येत नाही. मात्र त्या बिघाडातून गाडीने पेट घेतला तर आगीचे नुकसान येते. दुचाकीचा आरसा, सीट किंवा बॅटरी तेवढीच चोरीला गेली आणि दुचाकी जागेवरच राहिली, तर नेहमीच्या पॉलिसीत जोडलेल्या सामानाच्या अशा चोरीची भरपाई मिळत नाही; गाडीही त्याच वेळी चोरीला गेलेली असावी लागते. ही अट दुचाकीवाल्यांना सहसा क्लेम नाकारला गेल्यावरच कळते.

मिळणारी रक्कम नवी गाडी येईल एवढी नसते. पॉलिसीवर 'आयडीव्ही' नावाचा आकडा असतो, तीच गाडीची विमा किंमत. चार वर्षे पूर्ण झालेल्या आणि पाच वर्षांच्या आतल्या गाडीसाठी नेहमीच्या तक्त्याप्रमाणे छापील किमतीतून ५० टक्के घट धरतात. दुरुस्तीचा खर्च आयडीव्हीच्या ७५ टक्क्यांपेक्षा जास्त येत असेल तर गाडी पूर्ण गेली असे धरून हिशेब होतो. हप्ता कमी यावा म्हणून काही एजंट आयडीव्ही कमी लावतात. दोनशे-चारशे रुपये वाचतात आणि चोरी झाली की तेवढ्याच प्रमाणात रक्कम कमी हातात येते.

रिक्षा किंवा टेम्पो मुद्रा कर्जातून घेतला असेल तर आरसीवर बँकेचा बोजा असतो. गाडी पूर्ण गेली तर विम्याची रक्कम आधी बँकेच्या थकबाकीकडे जाते, उरली तर तुमच्याकडे येते. कर्ज चालू असेपर्यंत बँक दोन्ही भागांची पॉलिसी घ्यायला लावते. खरा धोका कर्ज फिटल्यावर सुरू होतो. बँकेचा आग्रह संपतो, हप्ता वाचवण्यासाठी लोक फक्त थर्ड पार्टीवर येतात, आणि नेमकी तेव्हाच ती गाडी पहिल्यांदा पूर्णपणे त्यांच्या मालकीची झालेली असते.

पाण्यात उभी असलेली गाडी

सप्टेंबर २०२२ च्या पहिल्या आठवड्यात बेंगळुरूच्या पूर्व भागात, येमलूर, बेळ्ळंदूर, सर्जापूर रस्त्याच्या बाजूला, रात्रीच्या पावसाने इमारतींची तळघरे भरली आणि तिथे उभ्या असलेल्या गाड्या बुडाल्या. त्याच्या आधीच्या वर्षी, २२ जुलै २०२१ ला, चिपळूणमध्ये वाशिष्ठीचे पाणी शहरात शिरले तेव्हाही दारात उभ्या असलेल्या गाड्यांची हीच गत झाली. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कोल्हापूर-सांगलीत पुराचे पाणी बरेच दिवस उतरले नव्हते.

पुराचे नुकसान ओन डॅमेजमध्ये येते. पण पाणी उतरल्यावर मालक जे करतो त्यामुळे क्लेम बिघडतो. गाडी सुरू होते का पाहू, म्हणून किल्ली फिरवली जाते. इंजिनात पाणी गेलेले असेल तर त्या एका स्टार्टने पिस्टनचा दांडा वाकतो, कधी इंजिनचा ब्लॉक फुटतो. कंपनी म्हणते, पाण्याने सीटा आणि वायरिंग खराब झाले ते देतो, इंजिन मात्र तुम्ही सुरू केल्यामुळे गेले, ते पुराचे थेट नुकसान नाही. इंजिनच्या अशा नुकसानीसाठी 'इंजिन प्रोटेक्ट' नावाचे वेगळे जोड-संरक्षण मिळते. नदी, नाला किंवा तळघर जवळ असेल तर त्याची चौकशी करावी. ते घेतलेले असो वा नसो, बुडालेली गाडी सुरू करायची नाही. पाण्याची पातळी दिसेल असे फोटो काढा, कंपनीला फोन करा आणि गाडी ओढूनच गॅरेजमध्ये न्या. सर्व्हेअर पाहून जाईपर्यंत काहीही उघडू देऊ नका.

या पोर्टलच्या वाचकांसाठी इथे एक गोष्ट स्पष्ट करणे गरजेचे आहे. पुरानंतर तलाठी किंवा ग्रामलेखाधिकारी पंचनाम्याला येतात तेव्हा बरेच जण बुडालेली रिक्षाही नोंदवायला सांगतात. राज्य आपत्ती प्रतिसाद निधीच्या निकषांत पडलेले घर, पीक, दगावलेली जनावरे, मच्छीमाराची होडी आणि जाळी, हस्तकला व हातमाग कारागिरांची अवजारे आहेत. मोटार वाहन त्यात नाही. पंचनाम्याची प्रत विम्याच्या क्लेमला पुरावा म्हणून उपयोगी पडते, ती जरूर घ्या, पण त्या यादीतून रिक्षेचे पैसे येतील अशी वाट पाहत बसू नका. तसेच प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजनेत वर्षाला २० रुपये भरता ते २ लाखांपर्यंतचे संरक्षण तुमच्या अपघाती मृत्यूचे आणि अपंगत्वाचे आहे. त्याचा गाडीशी काही संबंध नाही.

उभी गाडी 'वापरात' असते का?

आता थर्ड पार्टीकडे येऊ. मोटार वाहन कायदा १९८८ चे कलम १४६ सांगते की थर्ड पार्टी विमा नसेल तर सार्वजनिक ठिकाणी वाहन 'वापरता' येणार नाही. विमा नसलेली गाडी चालवल्यास किंवा दुसऱ्याला चालवू दिल्यास पहिल्या गुन्ह्याला २,००० रुपये दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही. पुढच्या वेळी दंड ४,००० रुपये. सगळा भार 'वापर' या एका शब्दावर आहे. आपण रोजच्या बोलण्यात उभी गाडी 'वापरात नाही' असेच म्हणतो. न्यायालय तसे म्हणत नाही.

हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयात गेला तो पुणे-बेंगळुरू महामार्गावरच्या एका प्रकरणातून. २९ ऑक्टोबर १९८७ च्या पहाटे तीनच्या सुमारास सातारा जिल्ह्यात पुण्याहून बेंगळुरूकडे निघालेल्या पेट्रोलच्या टँकरची समोरून येणाऱ्या ट्रकशी धडक झाली. टँकर रस्त्याच्या बाजूला जाऊन उलटला, पेट्रोल गळू लागले आणि आसपास साचले. उजाडल्यावर लोक तिथे जमले. सव्वासातच्या सुमारास स्फोट झाला. जमलेले कित्येक जण भाजले, काही दगावले. त्यांतल्या एका मुलाच्या आईने भरपाई मागितली. टँकरच्या बाजूचे म्हणणे असे की धडक पहाटे झाली, टँकर चार तास निपचित पडलेला होता, तो 'वापरात' नव्हताच. १९९१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते मान्य केले नाही. वाहन बिघडून किंवा अपघाताने एका जागी थांबलेले असले तरी ते वापरात असू शकते, असे न्यायालयाने म्हटले आणि आईच्या बाजूने निकाल दिला. तेव्हा चूक सिद्ध न करता मिळणारी रक्कम मृत्यूसाठी १५,००० रुपये होती. आज त्याच स्वरूपाची भरपाई कलम १६४ खाली मृत्यूसाठी ५ लाख आणि गंभीर इजेसाठी अडीच लाख रुपये आहे.

हा निकाल तुमच्या दारातल्या गाडीला असा लागू पडतो. रात्री मागचा दिवा नसलेला टेम्पो रस्त्याकडेला उभा आहे आणि दुचाकीवाला त्यावर येऊन आदळला. उतारावर लावलेल्या रिक्षेचा हँडब्रेक सुटला आणि ती एखाद्या पोरावर गेली. चार्जिंगला लावलेल्या ई-रिक्षेने पेट घेतला आणि शेजारची गाडी जळाली. यात दावा लागला तर जिवंत थर्ड पार्टी पॉलिसी असल्यास कंपनी उभी राहते. पॉलिसी संपलेली असेल तर अडीच-पाच लाखांची ती रक्कम मालकाच्या घरादारावर येऊ शकते. गाडी सहा महिने हललेली नव्हती, हे सांगून सुटका होईलच असे नाही.

गल्लीत, दारासमोर, देवळाच्या पटांगणात लावलेली गाडी सार्वजनिक ठिकाणीच असते. बंद गॅरेजमध्ये किंवा स्वतःच्या कुंपणात कुलूप लावून ठेवलेल्या गाडीची गोष्ट थोडी वेगळी आहे, आणि तिच्यासाठी एक सोय आहे.

गॅरेजमध्ये ठेवलेल्या गाडीसाठी 'ले-अप'

मोटार विम्याच्या जुन्या टॅरिफमध्ये 'व्हेईकल्स लेड अप' नावाची पुरवणी आहे, क्रमांक आयएमटी ११. गाडी ठरावीक काळ गॅरेजमध्ये बंद राहणार असे तुम्ही कंपनीला लेखी कळवता. त्या काळात थर्ड पार्टी आणि रस्त्यावरच्या अपघाताचे संरक्षण स्थगित होते. आग, चोरी, दंगल, मुद्दाम केलेली नासधूस, पूर, वादळ, भूकंप यांचे चालू राहते. बदल्यात पुढच्या हप्त्यात सूट मिळते किंवा पॉलिसीची मुदत वाढते. आग आणि चोरी एवढ्याच जोखमींची मर्यादित पॉलिसीही टॅरिफमध्ये आहे. एजंट सहसा हे स्वतःहून सांगत नाहीत, आणि प्रत्येक कंपनी या सोयी देतेच असेही नाही. शाखेत जाऊन नाव घेऊन विचारा.

पण रस्त्याकडेला गाडी लावणाऱ्याने यात पडू नये. अट गॅरेजची आहे, आणि थर्ड पार्टी स्थगित असताना गाडी दुकानापर्यंत जरी बाहेर काढली तरी ती विमा नसलेली गाडी ठरते.

गाडी बंद असल्याची सूचना आरटीओला देणे हा वेगळा विषय आहे. तिचा संबंध करापुरता आहे, विम्याला ती लागू होत नाही.

बंद काळात कागद जिवंत ठेवा

गाडी उभी आहे म्हणून फिटनेस आणि परमिटकडेही दुर्लक्ष होते. फिटनेस प्रमाणपत्र संपलेल्या व्यावसायिक वाहनाची नोंदणी कायद्याच्या दृष्टीने वैध धरली जात नाही, आणि नोंदणी नसली की क्लेम अडतो. २०११ मध्ये जोधपूरला एका अतिथीगृहाबाहेर रात्री लावलेली नवी बोलेरो चोरीला गेली. तात्पुरत्या नोंदणीची मुदत काही दिवसांपूर्वीच संपली होती. पॉलिसी चालू होती, हप्ता भरलेला होता. तरीही २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कंपनीने क्लेम नाकारणे योग्य ठरवले. इतर काही चोरीच्या प्रकरणांत अटींचा भंग असूनही न्यायालयाने ७५ टक्के रक्कम द्यायला लावली आहे, पण त्यासाठी वर्षानुवर्षे खेटे घालावे लागले.

पॉलिसी संपल्यावर ९० दिवसांत नूतनीकरण केले नाही तर आजवर जमलेली 'नो क्लेम बोनस'ची सूट जाते. खंड पडलेल्या पॉलिसीसाठी कंपनी पुन्हा गाडीची तपासणी करते. तीन महिने वाचवलेला हप्ता बहुतेक वेळा इथेच परत जातो.

चोरी झाली तर, आणि कंपनीने नकार दिला तर

चोरी लक्षात आल्याबरोबर पोलिसांत एफआयआर करा आणि त्याच दिवशी कंपनीलाही कळवा. एफआयआर लगेच केलेला असेल तर कंपनीला कळवायला उशीर झाला एवढ्याच कारणाने क्लेम नाकारता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२० मध्ये स्पष्ट केले आहे. उलट मात्र चालत नाही. पोलिसांकडे आठवडाभराने जाणाऱ्याला हा निकाल वाचवणार नाही.

पैसे देऊन लावलेल्या गाडीची पावती जपून ठेवा. तिच्यावर 'मालकाच्या जबाबदारीवर' असे छापलेले असते. दिल्लीतल्या एका हॉटेलच्या नोकराच्या ताब्यात दिलेली कार १९९८ मध्ये चोरीला गेली होती; २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की स्वतःचा निष्काळजीपणा असेल तर अशा छापील ओळीमागे हॉटेलला लपता येणार नाही. ते प्रकरण किल्ली ताब्यात दिलेल्या गाडीचे होते, हे लक्षात ठेवा.

कंपनीने क्लेम नाकारला तर तोंडी उत्तर घेऊ नका. नकाराचे कारण लेखी मागा. मग आधी कंपनीच्याच तक्रार अधिकाऱ्याकडे अर्ज करा. दाद न मिळाल्यास विमा नियामकाच्या 'बीमा भरोसा' पोर्टलवर किंवा १५५२५५ या क्रमांकावर तक्रार नोंदवता येते. कंपनीने एका महिन्यात उत्तर दिले नाही किंवा उत्तर पटले नाही, तर विमा लोकपालाकडे जाता येते. त्यासाठी एक वर्षाची मुदत आहे. फी नाही, वकील लागत नाही. बेळगाव, निपाणी, खानापूर, कारवारच्या वाचकांसाठी लोकपालांचे कार्यालय बेंगळुरूला आहे. महाराष्ट्रात मुंबई आणि पुणे येथे कार्यालये आहेत. अर्जाला पॉलिसी, आरसी, एफआयआर किंवा पंचनामा, सर्व्हेअरला दाखवलेले फोटो आणि नकाराचे पत्र यांच्या प्रती जोडा. मूळ कागद स्वतःकडेच ठेवा.